ट्रेनर १७५ म्हणतो, पेडल १८८: आता खरं कुणाचं मानायचं?

जूनमध्ये पुण्यात पावसाने ठाण मांडलं आणि मी सायकल हॉलमधल्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचं यंत्र) चढवली. मोबाइलवर ट्रेनरचा आकडा, हँडलबारवरच्या कॉम्प्युटरवर पायाची ताकद मोजणाऱ्या पॉवर पेडलचा. पाय तेच, क्षण तोच. मोबाइल १७५ वॅट दाखवत होता आणि कॉम्प्युटर १८८. आधी वाटलं ट्रेनर बिघडला, मग वाटलं पेडल बिघडलं, आणि तिसऱ्या दिवशी वाटलं की मीच बिघडले. दोन्ही उपकरणं ठणठणीत होती हे कळायला मला तीन आठवडे लागले. तुमची ती तीन आठवड्यांची मेहनत वाचावी म्हणून हे लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते. "माझे खरे वॅट किती?" या प्रश्नामागे लागू नका, त्याचं उत्तर घरी मिळत नाही. दोन आकड्यांतला फरक कोणत्या जातीचा आहे, हे शोधा. ते घरी कळतं.

१. आधी बघा, फरक खरंच जास्त आहे का

पॉवर मीटर, मग तो पेडलमधला असो वा क्रँकमधला (पेडल ज्याला लावतात तो दांडा), वॅट थेट मोजत नाही. धातू किती वाकला ते आतला स्ट्रेन गेज सांगतो, त्यावरून टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, निघतो, आणि टॉर्कला फिरण्याच्या वेगाने गुणलं की वॅट. (क्रँकमध्ये असं मोजणारा पहिला मीटर १९८६ साली उलरिख शोबेरर या जर्मन अभियंत्याने बनवला. आजची पेडलंही त्याच तत्त्वावर चालतात.) मोजमाप कुठे होतं, यावर पुष्कळ अवलंबून असतं. पेडल तुमच्या बुटाखालीच मोजतं. ट्रेनर मोजतो ती ताकद चेन, कॅसेट (मागची दातेरी चक्रं) आणि बेअरिंग पार करून आलेली असते, आणि वाटेत साधारण २ ते ४ टक्के घर्षणात जातात. चेन काळी, कोरडी असेल तर आणखी.

पाय खरोखर २०० वॅट देत आहेत असं धरा. ±१ टक्क्याचं पेडल २०२ दाखवू शकतं. ट्रेनरपर्यंत पोचतात समजा १९२, आणि ±२ टक्क्यांचा ट्रेनर त्याचे १८८ सांगू शकतो. झाला १४ वॅटचा फरक, आणि दोन्ही कंपन्या आपापल्या शब्दाला जागल्या!

त्यामुळे पेडल किंवा क्रँक ट्रेनरपेक्षा २ ते ५ टक्के जास्त दाखवत असेल तर लेख इथेच बंद करा आणि सायकल चालवा. ट्रेनर पेडलपेक्षा *जास्त* दाखवत असेल, किंवा फरक ६-७ टक्क्यांच्या वर असेल, तर पुढे या. माझा फरक सव्वासात टक्क्यांच्या वर होता.

२. लागणारं सामान

- दोन्ही उपकरणांची ॲप आणि माहितीपुस्तिका (कपाटातल्या खोक्यात असते, मी पाहिलंय)
- दोन वेगळी रेकॉर्डिंग करता येतील अशी सोय: एक मोबाइल किंवा लॅपटॉप, एक सायकल कॉम्प्युटर
- पॉवर मीटरला नवा सेल. बऱ्याच क्रँक मीटरना सीआर २०३२ लागतो. चार्जिंगवालं असेल तर पूर्ण चार्ज करा
- ८ मिमीची ॲलन की किंवा पेडलचा पाना, आणि जमल्यास टॉर्क पाना
- पुसलेली, तेल दिलेली चेन
- पंखा, टॉवेल, वही

वही खरंच घ्या. मोबाइलमध्ये नोंदवलेले माझे आकडे स्क्रीनशॉटच्या ढिगाऱ्यात गेले ते गेलेच.

३. क्रँकची लांबी तपासा (माझी चूक इथे होती)

पेडलमधल्या मीटरला बल कळतं, पण ते किती लांबीच्या दांड्यावर पडतंय हे त्याला आपण सांगावं लागतं. टॉर्क म्हणजे बल गुणिले लांबी. लांबी चुकीची भरली की प्रत्येक आकडा त्याच प्रमाणात चुकतो, ५० वॅटलाही आणि ५०० वॅटलाही.

माझी उंची बेताची, सायकल छोट्या साइझची, क्रँक १६५ मिमीची. ॲपमध्ये आधीपासून १७२.५ भरलेलं होतं आणि मी "पुढे, पुढे" करत ते तसंच मान्य केलं होतं. १७२.५ भागिले १६५ केलं की येतं १.०४५. म्हणजे मी दोन महिने साडेचार टक्के फुकटचे वॅट खात होते. लांबी सुधारल्यावर पेडलचे १८८ उतरून १८० झाले. ट्रेनरचे १७५ तिथेच. उरलेला फरक पावणेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे चेनचा हिस्सा. ज्या आकड्यावर मी मित्रमंडळींत भाव खात होते, तो गेला.

लांबी क्रँकच्या आतल्या बाजूला, पेडलच्या भोकाजवळ कोरलेली असते. टॉर्च मारून वाचा. "मध्यम साइझच्या सायकलला १७२.५ च असते" असं कुणी सांगितलं तरी वाचा. पेडलं दोन सायकलींवर आलटूनपालटून लावत असाल तर प्रत्येक वेळी वाचा. मीटर क्रँकमध्येच बसवलेला असेल तर लांबी कारखान्यात भरलेली असते, ही पायरी सोडा.

४. "कॅलिब्रेट" या एका शब्दाचे तीन अर्थ

नवख्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो, कारण तीन निरनिराळ्या कामांना सगळे एकच नाव देतात.

*शून्य लावणे, म्हणजे झीरो ऑफसेट.* वाणी काट्यावर रिकामं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणतो, तेच हे. पायाचं वजन नसताना मीटरला "हे शून्य समज" असं सांगायचं. सायकल सरळ उभी, तुम्ही खाली, दोन्ही पाय जमिनीवर, क्रँक माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या स्थितीत (बहुतेकदा उभा). मग कॉम्प्युटरवर किंवा ॲपमध्ये कॅलिब्रेट दाबायचं. एक पाय पेडलमध्ये अडकवून सिग्नलला उभं राहून हे करू नका. मी केलंय. पायाचं वजनच शून्य धरलं गेलं आणि पुढचा घाट मी कागदोपत्री तरंगत चढले.

तापमान बदललं की शून्य सरकतं. बऱ्याच मीटरमध्ये तापमानाची भरपाई करण्याची सोय असते, तरी डिसेंबरात पहाटे साडेपाचला सिंहगडाकडे निघताना सायकल घरातून बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, मगच शून्य लावा. एसी खोलीतून काढलेल्या सायकलीचंही तसंच.

*स्पिनडाउन.* हे ट्रेनरचं काम. ॲप सांगेल तितका वेग गाठायचा, पाय थांबवायचे आणि चाक आपोआप थांबू द्यायचं. त्यावरून ट्रेनर स्वतःच्या आतल्या पट्ट्याचं आणि बेअरिंगचं घर्षण ओळखतो. थंड ट्रेनरवर करून उपयोग नाही, आधी किमान दहा मिनिटं चालवा. टॅक्स निओ २टी किंवा वाहू किकरची पाचवी आवृत्ती यांना ते लागतच नाही, त्यामुळे आपल्याकडचं मॉडेल बघून घ्या. मागचं टायर रोलरवर टेकणारा ट्रेनर असेल तर हे दर वेळी करावंच लागतं, कारण टायरमधली हवा आणि रोलरचा दाब जरा बदलला की आकडा बदलतो. हवा रोज एकाच पीएसआयला भरा आणि रोलरची मूठ रोज तितकेच आटे फिरवा.

*उतार बदलणे.* एवढ्या टॉर्कला एवढे वॅट, हे प्रमाणच बदलणं. काही ॲपमध्ये त्याला स्केल फॅक्टर म्हणतात. याला सध्या हात लावू नका.

पेडलं नुकतीच बसवली असतील तर आणखी एक: पाना लावून नीट आवळा, चार-पाच जोरदार स्प्रिंट मारा आणि *मग* शून्य लावा. पहिल्या राईडला पेडलं आट्यांमध्ये किंचित बसतात आणि तेवढ्यात आकडे भरकटतात.

५. कोण कुणाशी जोडलंय?

चाचणीच्या पहिल्या प्रयत्नात माझे दोन्ही आलेख एकमेकांवर इतके तंतोतंत बसले की मी पेढे आणायच्या बेतात होते. मग लक्षात आलं, झ्विफ्टमध्ये (ट्रेनरसोबत वापरायचं सायकलिंगचं ॲप) पॉवरचा स्रोत म्हणून मी पेडलंच निवडली होती. दोन्हीकडे एकाच पेडलाचे आकडे. स्वतःच्याच आरशाशी तुलना!

उलटही होतं. ट्रेनर अँट प्लसवरून (ब्लूटूथसारखीच एक वायरलेस सोय) आपले वॅट सगळ्यांना ऐकू जातील असे पाठवत असतो. कॉम्प्युटरमध्ये पूर्वी कधी ट्रेनर जोडला असेल तर तो पेडलांऐवजी त्याचंच ऐकत बसतो. म्हणून:

- ट्रेनर फक्त मोबाइल किंवा लॅपटॉपला ब्लूटूथवरून जोडा. पॉवरचा स्रोत आणि नियंत्रण, दोन्ही जागी ट्रेनरच निवडा.
- कॉम्प्युटरमध्ये पॉवरसाठी फक्त पेडल किंवा क्रँक ठेवा, ट्रेनरचा सेन्सर बंद करा.
- ट्रेनरला पॉवर मीटरच्या आकड्यावर चालवणारी सोय (काही ॲपमध्ये पॉवरमॅच) चालू असेल तर बंद करा.
- ट्रेनरच्या ॲपमध्ये आलेख गुळगुळीत करणारी सोय असते, तीही बंद. अर्ग मोडमध्ये (यात ठरवलेले वॅट ट्रेनर स्वतःच राखतो) दिसणारी पट्टीने आखल्यासारखी सरळ रेषा बहुतेकदा या सोयीची करामत असते. माणसाचे पाय इतके सरळ चालत नाहीत.
- कॉम्प्युटर दर सेकंदाला नोंद करतोय ना, ते बघा. सरासरी काढताना शून्य धरायचं की वगळायचं, याचा पर्याय वॅटसाठी "धरा" वर ठेवा. नाहीतर उतारावर पाय थांबवलेला वेळ एकीकडे मोजला जातो, दुसरीकडे नाही, आणि भांडण मात्र मीटरच्या नावाने.

लॅपटॉपला अँट प्लसचा डोंगल लावत असाल तर यूएसबी ३ च्या पोर्टला चिकटून लावू नका. त्या पोर्टचा गोंगाट आणि डोंगलचा रेडिओ यांची पट्टी जवळजवळ एकच असल्याने मधले आकडे गळतात. एक वायर लावून डोंगल सायकलीजवळ आणला की काम होतं.

६. पाऊण तासाची चाचणी

आधी १५ मिनिटं हलकं चालवा. मग थांबून पेडलांचं शून्य लावा, ट्रेनरला लागत असेल तर स्पिनडाउन करा, आणि दोन्ही रेकॉर्डिंग सुरू करा. पंखा चालू ठेवा. गिअर मधला घ्या आणि सगळ्या टप्प्यांत तोच ठेवा, म्हणजे चेन तिरकी जाणार नाही आणि ट्रेनरचं फ्लायव्हील (आतलं जड चाक) प्रत्येक टप्प्यात वेगळं पळणार नाही.

१. १००, १४० आणि १८० वॅट, प्रत्येकी ४ मिनिटं, कॅडन्स (मिनिटाला पायांचे फेरे) ८५ च्या आसपास. (तुमचा एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येणारे कमाल वॅट, जास्त असेल तर आकडे वाढवा. शेवटचा टप्पा एफटीपीच्या जवळ हवा.)
२. १४० वॅटवर ३ मिनिटं कॅडन्स ६०, ३ मिनिटं कॅडन्स १००.
३. १० सेकंदांचे तीन स्प्रिंट, मध्ये २ मिनिटं आराम. इथे अर्ग मोड बंद.
४. शेवटी पुन्हा १४० वॅट, कॅडन्स ८५, ४ मिनिटं.

चौथा टप्पा कंटाळून गाळू नका. पहिल्या टप्प्यातले १४० आणि शेवटचे १४० यांची तुलना हाच निम्मा निकाल असतो.

नंतर दोन्ही रेकॉर्डिंगच्या फाइल (फिट फाइल) उघडा. गोल्डन चीता हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला पुरेसं आहे. प्रत्येक टप्प्याचं पहिलं मिनिट सोडून उरलेल्याची सरासरी काढा आणि वहीत दोन रकान्यांत लिहा. क्षणाक्षणाचे आकडे ताडून बघू नका. दोन उपकरणं एक-दोन सेकंद पुढेमागे असतातच.

७. फरकाची जात ओळखा

आता मजा येते.

*सगळीकडे सारखेच टक्के.* १०० ला ७, १८० ला साडेबारा. प्रमाणच चुकलंय: क्रँकची लांबी, चेनचं घर्षण किंवा कारखान्यातला उतार. २-४ टक्के असेल तर चेन, सोडून द्या.

*टक्के नाही, वॅट सारखे.* १०० लाही ९, १८० लाही ९. शून्य चुकलंय. याचा पक्का पुरावा कॅडन्सच्या टप्प्यात मिळतो. शून्यात १ न्यूटन-मीटरची चूक असेल तर ९० कॅडन्सला साधारण ९.४ वॅटचा फरक पडतो आणि ६० ला ६.३ चा. तुम्ही जोर किती लावता याचा त्याच्याशी संबंध नाही, पाय किती वेगाने फिरवता याचा आहे. वॅट तेच ठेवून कॅडन्स वाढवल्यावर फरक वाढला, की पुन्हा नीट शून्य लावा, बाकी काही उघडू नका.

*सुरुवातीला कमी, शेवटी जास्त (किंवा उलट).* पहिले १४० आणि शेवटचे १४० जुळत नाहीत. काहीतरी तापतंय. बहुतेकदा ट्रेनर, आणि टायर-रोलरवाल्या ट्रेनरमध्ये तर नक्कीच. इलाज सोपा: पहिल्या १०-१५ मिनिटांचे आकडे धरू नका आणि एफटीपी चाचणी थंड ट्रेनरवर देऊ नका.

*फरक आज ३ टक्के, उद्या ७, थकल्यावर २.* तुमचा मीटर एकाच बाजूचा आहे का? डाव्या क्रँकमधला मीटर डावा पाय मोजतो आणि दुप्पट करतो. खरे २०० वॅट, त्यात डाव्याचे ५२ टक्के म्हणजे १०४, तर तो दाखवणार २०८. डाव्याचे ४८ टक्के असतील तर १९२. दोन्ही पायांचा वाटा जोर आणि थकवा यांनुसार बदलत राहतो, म्हणून हा फरक एका आकड्याने गुणून सुधारता येत नाही. एकाच बाजूचा मीटर वाईट असतो असं मी म्हणत नाही, कमी पैशात तो चांगलं काम करतो. फक्त ट्रेनरशी त्याचं लग्न लावू नका.

*फक्त स्प्रिंटमध्ये फरक.* ट्रेनरला फ्लायव्हील असतं आणि त्याचे आकडे थोडे उशिरा, थोडे बोथट येतात. पाच सेकंदांच्या कमाल वॅटसाठी पेडल किंवा क्रँकवर विश्वास ठेवा.

*लंबगोल चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र).* काही मीटर एका फेऱ्यात वेग एकसारखाच आहे असं धरतात. लंबगोल चेनरिंगवर तो नसतो, आणि आकडा काही टक्के फुगतो. ॲपमध्ये त्यासाठीचा पर्याय असेल तर चालू करा.

८. हौस असेल तर: वजन टांगून बघा

नवीन असाल तर ही पायरी सोडली तरी चालेल. मागचा ब्रेक पट्ट्याने घट्ट बांधा, क्रँक पुढे आडवा धरा, शून्य लावा आणि पेडलाच्या मधोमध दोरीने वजन टांगा. जिमच्या प्लेटवर छापलेला आकडा प्रमाण मानू नका. मी ओळखीच्या वाण्याकडून शासकीय शिक्का मारलेली ५ किलोची चार लोखंडी वजनं तासाभरासाठी उसनी आणली. त्याने कारण विचारलं, मी सांगितलं, त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

हिशेब: २० किलो × ९.८१ × ०.१६५ मीटर = ३२.४ न्यूटन-मीटर. ॲपमध्ये टॉर्क दिसत असेल तर एवढा दिसायला हवा. दोरीचं आणि पिशवीचं वजनही मोजा.

वजनं मिळत नसतील तर चढ कामाला येतो. वारा नसलेल्या दिवशी ३०० मीटर उंची २५ मिनिटांत चढलात, सायकल-बाटल्यांसकट एकूण वजन ७२ किलो, तर नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध ७२ × ९.८१ × ३०० ÷ १५०० = १४१ वॅट लागतात. टायरचं घर्षण, हवा, चेन हे वरून. त्या चढावर मीटर सरासरी १३० दाखवत असेल तर तो नक्की खोटं बोलतोय. १६५ च्या आसपास दाखवत असेल तर त्याला त्रास देऊ नका. उंची नकाशावरून घ्या, मोबाइलच्या जीपीएसची नको.

९. एक काटा ठरवा

माझ्यासाठी पेडल हाच मुख्य काटा, कारण घरात आणि रस्त्यावर तोच सोबत असतो. त्यामुळे घरातले व्यायामही आता पेडलांच्या आकड्यावर करते, ट्रेनर फक्त जोर लावायला. तुमच्याकडे बाहेरचा मीटर नसेल तर ट्रेनर हाच काटा, विषय संपला. मीटर एकाच बाजूचा असेल तर दोन एफटीपी ठेवा, एक घरातला, एक बाहेरचा, आणि दोघांची गाठ घालू नका.

स्केल फॅक्टर बदलून दोन्ही आकडे जबरदस्तीने जुळवण्याचा मोह होईल. वजन टांगून खात्री केल्याशिवाय नका करू. एकदा बदललात की जुन्या राईड्सशी तुलना संपते, आणि सहा महिन्यांनी आपण काय बदललं होतं ते आठवत नाही.

१०. सगळं करूनही जुळत नसेल तर

फर्मवेअर अद्ययावत करा, सेल काढून पुन्हा घाला, सेलच्या झाकणाची रबरी रिंग बघा. पावसाळ्यात आत ओल गेली की आकडे उड्या मारतात. मग चाचणी पुन्हा एकदा, दुसऱ्या दिवशी. तरीही फरक ६ टक्क्यांच्या वर असेल, तर कंपनीला लिहायची वेळ झाली. सोबत जोडा:

- खरेदीचं बिल आणि सीरियल नंबरचा फोटो
- चाचणीच्या दोन्ही फिट फाइल
- शून्य लावताना आलेले शेवटचे पाच-सहा आकडे, तारखेसह
- क्रँकच्या लांबीचा फोटो, ॲपमधल्या लांबीचा स्क्रीनशॉट

"आकडे चुकतात" एवढंच लिहिलंत तर पहिलं उत्तर "कृपया कॅलिब्रेट करून बघा" असं येतं, आणि त्यात एक आठवडा जातो. वरचे चार कागद पहिल्याच मेलमध्ये असले की गाडी थेट दुसऱ्या प्रश्नावर येते.